आरमोरीतला जाझ सेट

जुना ड्रम सेट पाहायला गेलो की काठ्या मी पिशवीतच ठेवतो. आधी वाजवून पाहिलं की कान भुलतो. हात चांगला असेल तर तडा गेलेला ड्रमही घटकाभर बरा बोलतो, आणि स्किन सैल पडलेली असेल तर उत्तम ड्रमही भसाडा वाटतो. आवाज नंतर लावता येतो, लाकूड बदलता येत नाही. म्हणून आधी चावी घ्यायची, एकेक रॉड सोडवायचा आणि ड्रमचं खोड मोकळं करायचं.

आरमोरीतल्या एका कौलारू घराच्या छपरीत असा सेट माळ्यावरून उतरवून ठेवला होता. बास, दोन टॉम, स्नेअर, दोन सिंबल आणि गोणपाटात बांधलेले स्टँड. घरमालक काकाजींच्या वडिलांचा ऑर्केस्ट्रा होता. आरमोरीचा दुर्गा उत्सव आणि आजूबाजूच्या गावांतली लग्नं त्याने गाजवली. वडील गेले आणि जाझ सेट माळ्यावर गेला. घ्यायला आलेला पोरगा वडशाच्या एका नाटक कंपनीत साथ करतो. त्यानेच मला सोबत आणलं होतं. पुण्यातल्या पुतण्याने काकाजींना मोबाइलवर विलायतेतले भाव दाखवले होते, त्यावरून त्यांनी ₹90,000 मनात धरले होते. पोराकडे ₹40,000 होते.

झाडीपट्टीत वाद्याची परीक्षा वेगळीच होते. धान घरात आलं, भाऊबीज झाली की भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते आणि रात्री नाटक लागतं. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या कंपन्यांचं मुख्य ठाणं. इथले नट परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्या अनेकांनी या रंगभूमीची पहिल्यांदा दखल घेतली. रात्री उशिरा उघडलेला पडदा पहाटेकडेच पडतो. वादकांच्या अंगावर दव पडत असतं. नाटक संपलं की तेच सामान गाडीत, आणि गाडी पुढच्या गावी. रोज सोडणं, रोज बांधणं, धूळ, थंडी, खड्ड्यांचा रस्ता हे सगळं वाद्याने सोसायचं. इलेक्ट्रॉनिक ऑक्टोपॅड आल्यापासून हा भार हलका झाला आहे, म्हणून पोराला विचारलं, मग हे ओझं कशाला?

"ऑक्टोपॅड वाजते जी, पन छातीत नाही लागत."

मला हे शंभर टक्के पटतं. खलनायक विंगेतून बाहेर पडताना 20 इंची बासचा ठोका पुढच्या चार रांगांच्या अंगावर जातो. त्या ठोक्यासाठी पैसे मोजणं चुकीचं नाही. किती मोजायचे, एवढंच ठरवायचं होतं.

बॅज प्रीमियरचा होता. 1922 साली लंडनमध्ये सुरू झालेली ही कंपनी महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यांनंतर लेस्टरला गेली. ड्रमर रिंगो स्टारने 1963 मध्ये लडविग कंपनीचा सेट घेतला, त्याआधी तो प्रीमियरच वाजवत असे. आपल्याकडे असे सेट मुंबईच्या हॉटेलांतून रुळले. 1935 मध्ये ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबीचा जाझ बँड आला, पुढे गोव्याच्या वादकांनी तो बाज उचलला, आणि कावस लॉर्ड, त्यांचे चिरंजीव केरसी आणि बुजी यांच्यासारख्यांनी हिंदी चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात ही वाद्यं पक्की बसवली. काकाजींच्या घरात सांगतात की हा सेट नागपूरच्या, रेल्वेतल्या एका अँग्लो-इंडियन वादकाकडून आला. गोष्ट खरी असेलही, पण पावती, पत्र, फोटो यांतलं काहीच नसताना तिच्यापोटी एक रुपयाही जास्त देऊ नये, असं मी पोराला बाजूला घेऊन सांगितलं.

बॅजवरही नुसता विश्वास ठेवून चालत नाही. एका ड्रमचा बॅज काढून दुसऱ्यावर ठोकणं सोपं असतं. म्हणून टॉमच्या कडेचा एक लग सोडवला. रॉड ज्याच्यात पिळला जातो तो हा धातूचा तुकडा. बाहेरचं मोतिया प्लास्टिक चुलीच्या धुराने आणि उजेडाने पिवळसर झालं होतं, पण लगच्या खाली त्याच मापाचा पांढराशुभ्र ठसा निघाला. याचा अर्थ लग पहिल्यापासून तिथेच होता आणि कव्हरही मूळचंच. बासचं आणि फ्लोअर टॉमचंही तसंच निघालं. तिन्ही ड्रम एकाच घरचे. स्नेअर मात्र परका होता. बँडवाले वापरतात तसा मेरठी बनावटीचा साइड ड्रम त्या जागी आला होता. मेरठच्या जाली कोठीत बनणाऱ्या वाद्यांवर देशभरातल्या वरातींनी पिढ्या काढल्या आहेत, त्यांना कमी लेखायचं कारण नाही. पण जुन्या सेटच्या भावात स्नेअरचा वाटा मोठा असतो, आणि इथे तो वाटा गेला होता.

मग भोकं पाहिली. जुन्या ड्रमचा भाव सगळ्यात जास्त पाडते ती ही गोष्ट. स्टँड बसवायला कुणीतरी ड्रिल मारतो, लाकूड कायमचं जातं, आणि नंतर लांबी भरून रंग दिला तरी आतून डाग दिसतो. खोडाच्या आत हात फिरवून बोटांनी शोधलं. फ्लोअर टॉमला एकही जास्तीचं भोक नव्हतं. बासलाही नव्हतं. लहान टॉमला दोन होती, जुन्या क्लॅम्पची.

खरी परीक्षा स्वयंपाकघरात झाली. काकूंनी कडप्प्याचा ओटा पुसून दिला, खिडकीला सतरंजी लावली. फ्लोअर टॉमचं उघडं खोड ओट्यावर पालथं ठेवलं, आत टॉर्च लावून सोडला, वरचं तोंड घोंगडीने झाकलं आणि डोळा ओट्याच्या पातळीवर आणला. कड जिथे दगडाला नीट टेकते तिथे काळोख राहतो, जिथे टेकत नाही तिथून उजेडाची रेघ फुटते. इथे एका बाजूला बोटभर लांबीची रेघ दिसली. पोराचा चेहरा उतरला. पण दोष कडेचा की ओट्याचा, हे आधी पाहायला हवं. खोड पाव फेरा फिरवलं. रेघ ओट्यावर तिथेच राहिली असती तर दगड वाकडा ठरला असता. रेघ खोडाबरोबर फिरली. दोष ड्रमचाच. फटीतून पोस्टकार्ड जेमतेम सरकत होतं.

इथे एकाच ड्रमच्या दोन किमती होतात. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटवून कड घासली तर फट जाते, स्किन सगळीकडून सारखी बसते आणि ड्रम गाऊ लागतो. वाजवणाऱ्याला तेच हवं. संग्राहकाला मात्र कारखान्याची मूळ कड हवी असते. घासलेल्या कडेवर तो भाव पाडतो. पुतण्याने दाखवलेले भाव संग्राहकांचे होते, आणि तेही पूर्ण, मूळ स्नेअरसह असलेल्या सेटचे. आरमोरीच्या छपरीत तो गिऱ्हाईक आलेला नव्हता.

नखाने खोडाच्या आतली कडी ठोकत गेलो. प्रीमियरचं साठच्या दशकातलं खोड पातळ बर्चचं, त्याला वर-खाली बीचच्या कड्यांचा आधार. बासमध्ये एके ठिकाणी आवाज पोकळ झाला, तिथली कडी सुटली होती. वैनगंगेकाठचे इतके पावसाळे माळ्यावर काढल्यावर एवढं होणारच. सरस आणि चार शिकंजे लावले की काम होतं. कीड लागलेली नव्हती, म्हणजे सुईच्या टोकाएवढी छिद्रं आणि पिठासारखा भुगा कुठेच नव्हता. रिम आणि लग यांचं क्रोम फडक्याने पुसल्यावर चमकलं. प्रीमियरचं क्रोम नावाजलेलं होतं ते उगाच नाही.

अडचण निघाली लहान टॉममध्ये. साठच्या दशकातल्या प्रीमियरच्या काही ड्रमचा घेर आजच्या ठरलेल्या मापाहून किंचित मोठा असतो. पोराने आणलेली 12 इंची नवी स्किन त्यावर बसेचना. बाहेरून मागवायची तर महाग, आणि हंगाम तोंडावर. पण प्लास्टिकच्या स्किन 1957 च्या सुमारास बाजारात आल्या. त्याआधी जगभरचे ड्रमर वासराच्या कातड्यावरच वाजवत. लाकडी कड्यावर ओलं कातडं गुंडाळून वाळवायचं, एवढीच ती रीत, आणि ढोलकी मढवणाऱ्या कारागिराला ती शिकवावी लागत नाही. दवाने कातडं उतरतं हे खरं. पूर्वी विलायती ड्रमर त्यासाठी बासच्या आत विजेचा दिवा लावून ठेवत. पोरगा म्हणाला, "आमी हलगी शेकोटीवर शेकतोच ना जी." प्रश्न मिटला.

सिंबलवर वेळ घालवायची गरज पडली नाही. एकाच्या कडेला तडा होता, आणि असा तडा वाजवता वाजवता वाढतच जातो. दुसऱ्याचं मधलं भोक स्टँडवर घासून लांबट झालं होतं, तरी तो चालण्यासारखा होता.

मग काठ्या काढल्या. बास लावला आणि एकच ठोका दिला. काकू आतून बाहेर आल्या.

काकाजींसमोर सगळं कागदावर लिहिलं. शाबूत काय, दुरुस्तीला काय, परकं काय. मुंबईचा संग्राहक काय देईल आणि इथला वादक काय देईल, हेही वेगवेगळं सांगितलं, आणि संग्राहकाला गाठायचं तर थांबावं लागेल, पॅकिंग आणि वाहतूक अंगावर येईल, हेही. त्यांनी कागद दोनदा वाचला. "वाजणाऱ्याकडे जाऊ द्या," म्हणाले. तीन ड्रम, स्टँड आणि चांगला सिंबल मिळून ₹36,000 वर ठरलं. साइड ड्रम त्यांनी वरून दिला. फुटका सिंबल घरातच ठेवला.

सामान बांधताना पोराने विचारलं, बासवर टॉम बसवायला एक भोक पाडलं तर चालेल काय?

मी नको म्हटलं. वेगळा स्टँड वडशात मिळतो आणि तो उद्या विकताही येतो.

"बरं जी," तो म्हणाला, "स्टँडच घेतो."