लिलाव नाही, तरी संघ बदलला! 'ट्रेड' म्हणजे नेमके काय?

बुलढाणा : नोव्हेंबर २०२५ मध्ये चेन्नईचा रवींद्र जडेजा राजस्थानकडे गेला, तर राजस्थानचा कर्णधार संजू सॅमसन चेन्नईकडे आला. पालघरचा शार्दूल ठाकूरही लखनौकडून २ कोटींत मुंबई इंडियन्समध्ये दाखल झाला. लिलाव न होता हे कसे घडले?

व्यवहार कसा होतो?
ट्रेडमध्ये खेळाडूच्या बदल्यात खेळाडू दिला जातो किंवा रोख रक्कम. खेळाडूचे मानधन नव्या संघाच्या पर्समधून वजा होते. सॅमसनचे १८ कोटी कायम राहिले. जडेजाचे मात्र १८ वरून १४ कोटींवर आले.

खेळाडूला विचारतात का?
हो. आयपीएलमध्ये त्याची संमती आणि बीसीसीआयची मंजुरी, दोन्ही लागतात. पण नकार दिल्यास संघ त्याला मुक्त करू शकतो. मग लिलावात किती बोली लागेल, याची हमी नाही.

इतरत्र काय?
अमेरिका-कॅनडातील आइस हॉकी लीग 'एनएचएल'मध्ये करारात 'नो-ट्रेड' कलम नसेल, तर खेळाडूला न विचारताही पाठवता येते. तिथला गाजलेला ट्रेड गोलरक्षक पॅट्रिक रॉयचा. २ डिसेंबर १९९५ रोजी मॉन्ट्रियल ११-१ ने हरले. नऊ गोल होईपर्यंत प्रशिक्षकांनी त्याला बदलले नाही. संतापलेल्या रॉयने मैदानातच क्लबच्या अध्यक्षांना 'हा माझा शेवटचा सामना' असे सुनावले. चार दिवसांत तो कोलोरॅडोला गेला आणि त्याच मोसमात कोलोरॅडोने स्टॅनली कप जिंकला.

त्यामुळे आवडता खेळाडू दुसऱ्या जर्सीत दिसला, की 'विकला गेला' म्हणण्याची घाई नको. आयपीएलच्या ट्रेडमध्ये त्याचाही होकार असतो.