गाडीचा ताप आणि थर्मोस्टॅटचा उतारा

वैशाखातल्या संध्याकाळी उज्जैनच्या टावर चौकात चार परिचित मंडळी भेटली, की मुलाबाळांची चौकशी, लग्नांचे मुहूर्त आणि माळव्यातला उकाडा हे विषय आटोपल्यावर बोलणे हटकून गाडीवर येते. कारण उघड आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो आणि नेमक्या त्याच दिवसांत आप्तांच्या कार्यासाठी धुळे-नाशिककडे जावे लागते. जाताना उतार असतो म्हणून निभते. परतताना मात्र आधी बिजासनचा घाट आणि नर्मदा ओलांडल्यावर मानपूरचा घाट चढायचा असतो. गाडीत माणसे भरलेली, डिकीत आहेराची भांडी, आणि उष्णतेचा काटा हळूहळू वर सरकत असतो. अशा वेळी गाडीत आजी-आजोबा आणि तान्हे मूल असेल तर तो काटा म्हणजे केवळ यंत्राची बाब राहत नाही.

यावर चौकात एक उपाय हमखास सांगितला जातो : मूळचा ८२ किंवा ८८ अंशांचा थर्मोस्टॅट काढून ७१ अंशांचा बसवा, इंजिन थंड चालेल. काही कारागीर तर त्याच्याही पुढे जातात. “निकाल ही दो, भाईसाहब, अपने यहाँ इसका क्या काम!” हा सल्ला इतका रूढ आहे की तो तपासून पाहण्याची गरज कोणास वाटत नाही. आम्हांस ती वाटते.

पेट्रोल जळून जी उष्णता निर्माण होते, तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग गाडी ओढण्याच्या कामी येतो, साधारण तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेल्यातला मोठा भाग इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावा लागतो. हे पाणी रेडिएटरकडे जाते त्या वाटेवर थर्मोस्टॅट नावाची लहानशी झडप असते. तिच्या पितळी डबीत विशिष्ट मेण भरलेले असते. ठरावीक उष्णतेला मेण वितळून फुगते, दांडीला रेटते आणि झडप उघडते. झडपेवर कोरलेला ८२ हा आकडा ती उघडू लागण्याचा असतो. पूर्ण उघडण्यास आणखी दहा-बारा अंश लागतात.

सारी मेख येथे आहे. झडप इंजिनाला एका मर्यादेखाली थंड होऊ देत नाही. ते किती तापावे, यावर तिची सत्ता चालत नाही. घाटात पाणी शंभर अंशांना पोचले, तेव्हा ८२ची झडप पूर्ण उघडलेली असते आणि ७१चीही. कालव्याचे दार पहाटे उघडले काय किंवा सकाळी उघडले काय, भर दुपारी त्यातून वाहणारे पाणी तेवढेच. ७१च्या झडपेमुळे घाटाच्या पायथ्याशी इंजिन थोडे थंड असेल आणि काटा चढण्यास काही मिनिटे अधिक लागतील, इतका लाभ आम्ही मान्य करतो. पण रेडिएटर जितकी उष्णता बाहेर टाकू शकतो, त्यात त्यामुळे तसूभरही वाढ होत नाही.

मग ही कमी अंशांची झडप मुळात निघाली कशासाठी? तिचे घर थंड मुलखांत आहे. तेथे हिवाळ्यात पाणी गोठू नये म्हणून पूर्वी रेडिएटरमध्ये मद्यार्क मिसळत. तो लवकर उडून जाई, म्हणून इंजिन मुद्दाम कमी उष्णतेवर ठेवीत. पुढे न उडणारे ग्लायकॉल आले आणि ती निकड संपली. आपल्याकडे गोठण्याची भीती नव्हती. अँबॅसडर आणि पद्मिनीच्या दिवसांत ‘काढून टाका’ हा मंत्र खपून गेला, कारण त्या सोशिक इंजिनांचा तोटा डोळ्यांस दिसत नसे.

आजच्या गाड्यांत तो दिसतो. पाणी पुरेसे तापले नाही, तर संगणक इंजिनाला ‘अद्याप थंड’ समजून पेट्रोल जास्त सोडत राहतो. तेलातली ओल उडत नाही, गाळ धरतो आणि सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर झडप काढल्यावर बगलेची वाट उघडी राहते, गरम पाणी रेडिएटरला वळसा घालून परत फिरते, आणि थंडाव्यासाठी केलेल्या उपायाने गाडी अधिकच तापते!

तेव्हा काटा चढत असेल, तर दोष अन्यत्र शोधावा. माळव्यातली धूळ आणि महामार्गावरचे किडे रेडिएटरच्या जाळीत घट्ट बसतात. बोअरचे जड पाणी भरले, तर आंघोळीच्या बंबात धरतो तसाच क्षार आतल्या नळ्यांतही धरतो. म्हणून शुद्ध पाणी व कूलंट यांचेच मिश्रण घालावे. पंखा वेळेवर फिरतो की नाही, हे गर्दीतच कळते. २०१६चा सिंहस्थ भर एप्रिल-मेमध्ये भरला होता, आणि पुढचा २०२८ साली आहे. मुंगीच्या पावलांनी सरकणाऱ्या रांगेत समोरून वारा नसतो, सारी भिस्त पंख्यावर असते.

आणि रेडिएटरचे झाकण! त्याचे महत्त्व गृहिणींस अधिक लवकर पटेल, कारण ते कुकरच्या झाकणाचेच भावंड आहे. दाबामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू शंभराच्या बराच वर जातो. झाकणाचे रबर सैल झाले की दाब टिकत नाही, आणि उज्जैन सुमारे पाचशे मीटर उंचीवर असल्याने येथे उघडे पाणी अठ्ठ्याण्णव अंशांच्या आसपासच उकळू लागते. मात्र तापलेल्या गाडीचे हे झाकण कोणीही, कधीही उघडू नये. उसळलेल्या पाण्याने चेहरा व हात भाजतात.

थर्मोस्टॅटवरच संशय असेल, तर तो काढून घेऊन स्वयंपाकघरात (अर्थात परवानगीने) एका जुन्या पातेल्यात दोरीने पाण्यात लोंबता सोडावा, बुडाला टेकू देऊ नये, शेजारी शंभर अंशांपर्यंतचा तापमापक धरावा आणि पाणी तापवावे. कोरलेल्या आकड्याच्या आसपास झडप हलू लागली, तर ती निर्दोष आहे. मिटूनच राहिली, तर खरा अपराधी सापडला. अशा वेळी नवी झडप गाडीच्या पुस्तकात दिलेल्या अंशांचीच घ्यावी. हेड गॅस्केट जळाल्यावर येणाऱ्या खर्चाच्या मानाने तिची किंमत किरकोळ असते.

इतके करूनही बिजासनच्या चढावर काटा वर गेलाच, तर प्रथम वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण सोडावा. हीटर हाही एक छोटा रेडिएटरच आहे. मंडळी कुरकुरतील, पण इंजिनातली थोडी उष्णता त्या वाटेने निघून जाईल. तरीही काटा उतरला नाही, तर सुरक्षित जागा पाहून गाडी थांबवावी, इंजिन बंद करावे, वृद्धांस व मुलांस सावलीत बसवावे आणि अर्धा-पाऊण तास बॉनेटला हात न लावता वाट पाहावी.