ब्लडीवुड: स्वतःचे श्रोते स्वतः जमवणारा बँड

दिल्लीचा ब्लडीवुड हा मेटल बँड ज्यांनी अजून ऐकला नाही, त्यांच्यासाठी ही पोस्ट! 🤘

२०१६ मध्ये करण कटियार आणि जयंत भडुला यांनी यूट्यूबवर लोकप्रिय गाण्यांची मेटल विडंबनं टाकायला सुरुवात केली. करणने तर संगीतासाठी कॉर्पोरेट वकिली सोडली. पुढे रॅपर राउल केर आला, गिटारच्या जोडीला ढोल आणि बासरी आली आणि स्वतःची गाणी घडू लागली. २०१८ मधलं ‘जी वीरे’ नैराश्याबद्दल आहे. त्यासोबत बँडने मोफत ऑनलाइन समुपदेशनही मिळवून दिलं.

२०१९ मध्ये जर्मनीतल्या प्रसिद्ध वाकन महोत्सवात ते वाजले, तेव्हा स्वतःच्या गाण्यांचा एकही अल्बम नावावर नव्हता! पहिला अल्बम ‘रक्षक’ २०२२ मध्ये आला, तोही कुठल्याही रेकॉर्ड कंपनीविना.

नव्या बँडनी यातून काय घ्यावं?
🎸 कंपनीची वाट न पाहता गाणी लोकांपर्यंत न्या.
🎸 आपल्या मातीतली वाद्यं हीच आपली ओळख.
🎸 श्रोत्यांच्या सुखदुःखाबद्दल मनापासून गा.

ब्लडीवुड ऐकायची सुरुवात ‘मची भसड’ या गाण्यापासून करा, आवाज मोठा ठेवून! आणि तुमच्या गावातला बँड वाजणार असेल, तर तिकीट काढून जरूर जा.