प्रोसेस गेली मनिलाला, मी आलो दिघीला!

'टीम, एक छोटीशी अनाउन्समेंट आहे.' बॉस असं म्हणाला की समजून जायचं, ती छोटी नाही! आमची प्रोसेस मनिलाला शिफ्ट होत होती. सहा वर्षं पुण्यात बसून मी इंग्लंडमधल्या लोकांचे विम्याचे क्लेम्स तपासले. दुपारी दीडची शिफ्ट, रात्रीची कॅब, वीकएंडला मल्टिप्लेक्स. आणि आता हातात दोन महिन्यांचा पगार.

सरळ गाव गाठलं. आगरदांड्याहून फेरीबोटीनं राजपुरीची खाडी ओलांडली, की दिघी. आजोबांना कसं सांगायचं, याचंच टेन्शन! ते मात्र शांतपणे म्हणाले, "अरे, आमचं तरी काय वेगळं झालं?"

आजोबा परळच्या गिरणीत साचे चालवायचे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे गेलं, कित्येक गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत. आज तिथल्या मॉल्समध्ये आपण शॉपिंग करतो.

"साचा मी झोपेतही चालवला असता. पण कापडाचा धंदा कसा चालतो, ते कधी विचारलंच नाही. साचा थांबला, तसा मीही थांबलो."

मला तरी काय येत होतं? स्क्रीनवर कुठलं बटण कधी दाबायचं, एवढंच? पण क्लेम का नाकारतात, पॉलिसीत मेख कुठे असते, हेही कळलं होतंच की. ते काही मनिलाला गेलं नव्हतं!

काम स्वस्त जागा शोधतं. 2000 च्या आसपास ते परदेशातून आपल्याकडे आलं, तेव्हा आपण पेढे वाटले. पुढे दहाएक वर्षांत कॉल सेंटर्समध्ये फिलिपिन्सनं आपल्याला मागे टाकलं. आता चॅटबॉट आलेत. 2025 मध्ये टीसीएसनंही सुमारे 12 हजार जणांची कपात जाहीर केली.

संध्याकाळी जेटीवर गेलो. इथलं बंदर 2021 मध्ये अदानींनी 705 कोटींना घेतलं. 2024 मध्ये केंद्रानं दिघी औद्योगिक क्षेत्राला मंजुरी दिली. माल आला, की मालाचा विमाही आलाच! मुंबईच्या इन्शुरन्स इन्स्टिट्यूटच्या परीक्षेचा फॉर्म भरला. विषय, मरीन इन्शुरन्स.

नोकरी? अजून नाही. दोन इंटरव्ह्यू झालेत. पण 'तुला काय येतं?' या प्रश्नाला आता सॉफ्टवेअरचं नाव सांगून थांबत नाही.

तुम्हीही आज एक करा. कंपनीचं सॉफ्टवेअर वगळून बायोडेटा लिहून बघा. उरतील त्या ओळी तुमच्या. पान कोरंच राहिलं, तर क्लास आजच लावा. अनाउन्समेंटची वाट बघू नका!