छिनचे परके कारभारी

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकापासून पुढची दोन-अडीचशे वर्षं चीन एकसंध नव्हताच. जौ घराण्याचा राजा नावापुरता उरला होता आणि सात राज्यं एकमेकांच्या उरावर बसली होती: छी, छू, येन, हान, झाओ, वेइ आणि पश्चिमेच्या टोकाला छिन. बाकीचे सहाजण छिनला अर्धवट रानटी समजत. शेवटी सगळ्यांना गिळलं ते छिननेच. श्रेय सहसा सैन्याला दिलं जातं. मला विचाराल तर छिनची खरी हुशारी माणसं हेरण्यात होती, आणि त्यातली कितीतरी शत्रूच्या मुलखातून आलेली होती.

शांग यांगचंच पाहा. तो वेइच्या प्रधानाच्या पदरी होता. प्रधानाने मरणशय्येवरून राजाला सांगितलं, ‘याला माझ्या जागी नेमा, नाहीतर जिवंत सोडू नका.’ म्हाताऱ्याला भ्रम झाला असं समजून राजाने दोन्हीही केलं नाही. इ.स.पू. ३६१मध्ये शांग यांग छिनला गेला. त्याने कुटुंबांचे पाच-पाच, दहा-दहाचे गट पाडले; एकाने गुन्हा केला की बाकीचेही जबाबदार. खानदानी मान मोडीत काढून रणात कापलेल्या मुंडक्यांवर दर्जा द्यायला सुरुवात केली. युवराजाने कायदा मोडला तेव्हा त्याच्या गुरूंना शिक्षा झाली. तोच युवराज इ.स.पू. ३३८मध्ये गादीवर आला! पळून जाताना शांग यांग एका सराईत थांबू पाहत होता. मालकाने नकार दिला: परवाना नसलेल्याला ठेवलं तर शांग यांगच्या कायद्याने मलाच शिक्षा होईल. पुढे त्याचं शरीर रथांना बांधून फाडलं गेलं. कायदे मात्र नव्या राजाने तसेच ठेवले.

सराईची कथा सांगणारा इतिहासकार सिमा छियेन दोन शतकांहून अधिक काळाने लिहीत होता आणि त्याला नाट्याची आवड होती. पण छिनचा काटेकोरपणा खरा होता. हूपेइ प्रांतात १९७५ साली छिनच्या एका अधिकाऱ्याच्या कबरीत अकराशेहून अधिक लिखित बांबूपट्ट्या सापडल्या. सरकारी कोठारात उंदरांची तीन बिळं निघाली तर एका ढालीचा दंड, आणि चिमुकल्या उंदरांची तीन बिळं म्हणजे मोठ्याचं एक, इथवर त्यांत हिशेब आहे.

असाच दुसरा परका फान जू. त्याला वेइमध्ये मरेस्तोवर मारून शौचकूपात टाकलं होतं. तोही छिनला पळाला आणि प्रधान झाला. त्याने पैसे चारून झाओत अफवा पेरल्या. झाओने अनुभवी सेनापती ल्येन फोला हटवून नवख्या झाओ ख्वोला नेमलं. इ.स.पू. २६०मध्ये छांगफिंगला झाओचं सैन्य संपलं. मृतांचा चार लाखांचा आकडा मला फुगवलेला वाटतो. सामूहिक दफनाचे खड्डे मात्र तिथे खरोखर सापडले आहेत.

सगळ्यांत मजेदार प्रकरण जंग क्वोचं. छिनला खर्चात आणि श्रमात गुंतवून लढाया टाळायच्या, म्हणून हानने हा जलतज्ज्ञ तिकडे पाठवला. त्याने जिंग आणि लुओ नद्यांमध्ये शंभराहून अधिक किलोमीटरचा कालवा काढायला घेतला. बिंग फुटलं तेव्हा तो म्हणाला, आलो हेर म्हणूनच, पण कालव्याचा फायदा तुम्हालाच होईल. काम पुरं करू दिलं गेलं. गाळाच्या पाण्याने खारवट जमिनी पिकू लागल्या, सैन्याच्या धान्याची ददात मिटली.

या प्रकरणाने चिडलेल्या सरदारांनी इ.स.पू. २३७मध्ये सगळ्या परक्यांना हाकलण्याचं फर्मान राजाकडून काढवलं. छूहून आलेल्या ली सीचंही नाव त्या यादीत होतं. त्याने राजाला लेखी सुनावलं: तुमच्या पूर्वजांना मोठं केलं ते परक्यांनीच. फर्मान मागे घेतलं गेलं आणि ली सी पुढे प्रधानपदाला पोचला. इ.स.पू. २३०मध्ये सहा राज्यांतलं पहिलं पडलं ते कालव्याचा डाव टाकणारं हान. इ.स.पू. २२१मध्ये छीने तर जवळपास न लढताच शरणागती पत्करली.