लिंबोणीवरील अळी व ढालकिडा

सृष्टींत रंग हा केवळ शोभेसाठीं नसतो; जीव वांचविण्याचें तें एक साधनच होय. याचें उत्तम उदाहरण आपल्या कागदी लिंबाच्या बागेंत पहावयास मिळतें.

लिंबोणीवरील काळें-पिवळें फुलपाखरूं कोंवळ्या पानांवर एकेक अंडें घालतें. त्यांतून निघालेली अळी काळपट असून तिच्या अंगावर पांढरे डाग असतात. ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्ष्यांच्या नजरेंतून सुटते. मोठ्या अळीस हें सोंग साधत नाहीं. यास्तव शेवटची कात टाकतांच ती पानासारखी हिरवी होते. तिला डिवचल्यास डोक्यामागून दुभागलेलें तांबूस शिंग बाहेर येऊन उग्र वास सुटतो. कोशही हिरव्या जागीं हिरवा, तर वाळल्या काटकीवर बहुधा तपकिरी होतो.

याच्या उलट रीत ढालकिड्याची. त्याचा तांबडा रंग व काळे ठिपके दुरूनच नजरेंत भरतात. तो दाबला गेल्यास पायांच्या सांध्यांतून कडू पिवळा रस निघतो. एकदां चव घेतलेला पक्षी पुन्हां सहसा त्याच्या वाटेस जात नाहीं. हा किडा व त्याची अळी माव्याचा फडशा पाडतात. भडक रंग पाहून त्याला शत्रु समजणें म्हणजे आपल्याच राखणदारास मारणें होय.

तेव्हां नवी पालवी फुटतांच, विशेषतः रोपांच्या वाफ्यांत, पानावर विष्ठेसारखें कांहीं दिसल्यास काडीनें डिवचून पहावें व अळी असल्यास वेंचून नष्ट करावी. एरवीं कोंवळीं रोपें निष्पर्ण होतात. ढालकिड्यास मात्र अभय द्यावें.