ओळख आणि अधिकार
ऑनलाइन दुकानाच्या प्रणालीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात : आलेली व्यक्ती कोण, आणि तिला काय करण्याची मुभा आहे? पहिल्याचे उत्तर बहुधा परवलीच्या शब्दाने मिळते. परंतु ओळख पटली म्हणजे अधिकार सिद्ध झाला, असे नव्हे. ग्राहकाने पानाच्या पत्त्यातील मागणीक्रमांक १०४१ ऐवजी १०४२ केला आणि प्रणालीने मालकी तपासली नाही, तर परक्याचे घर व दूरध्वनी त्याच्यापुढे उघडे पडतात. पडद्यावरील दुवा लपविल्याने हे टळत नाही. साल्ट्झर व श्रोडर यांनी १९७५ मध्ये मांडलेली दोन तत्त्वे येथे उपयोगी पडतात : प्रत्येक प्रवेशाची तपासणी व्हावी, आणि प्रत्येकास कामापुरताच अधिकार असावा. म्हणून मागणी कोणाची, हे सर्व्हरने दर वेळी पाहावे. आणि माल बांधणाऱ्या सेवकास पत्ता दिसावा, परंतु पैसे परत करण्याचा अधिकार त्यास नसावा.